इलंडला दिलेलं आवतण

पत्रकाची पहिली ओळ माणसाला हात धरून थांबवते, नाहीतर कागद सरळ कचऱ्यात जातो. हे मी कॉलेजात असताना नागपूरला बर्डीच्या बाजारात शिकले. जंगलाच्या कडेला होऊ घातलेल्या एका रिसॉर्टविरुद्ध आम्ही चार-पाच जण पत्रकं वाटायचो आणि लोक ती घेऊन त्यावर समोसा ठेवून खायचे. मग मी ओळी आखूड केल्या, विशेषणं उडवली आणि पहिल्या ओळीत वाघाच्या जागी लोकांच्या नळाचं पाणी घातलं. कागद खिशात जायला लागले.

तेच कसब घेऊन मी अमेरिकेत आले. दोन वर्षं स्टेट कॉलेजला शिकले, मग नोकरीसाठी टेक्ससमधल्या प्लेनोला. आणि प्लेनोत मी जे पत्रक लिहिलं, ते माझ्या हातून उतरलेलं सगळ्यांत यशस्वी पत्रक होतं. त्याच्यापायी एक जनावर मरता मरता वाचलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिते.

प्लेनोपासून साडेतीन तास गाडी हाणली की हायवे सुटतो, खडकाळ माळ लागतो आणि त्या माळावर एक आफ्रिकन सफारी लॉज आहे. टेक्ससमध्ये आफ्रिका कुठून आली, असं मलाही वाटलं होतं. पण ऊन तसंच, धूळ तशीच, आणि माळभर आपल्या वेड्या बाभळीची बहीण, जिला इकडे मेस्कीट म्हणतात. त्या झाडांमधून जिराफ चालतात, झेब्रे चालतात, तलवारीसारख्या शिंगांची पांढरी हरणं चालतात. त्यातल्या काही जाती त्यांच्या मूळ देशात जवळपास संपल्या आणि इथे मजेत वाढताहेत. गवतानं शाकारलेल्या खोल्या, खोल्यांना व्हरांडा, व्हरांड्यासमोर कुंपण, कुंपणापलीकडे जनावरं. माणूस कॉफी पितो आणि जिराफ त्याच्याकडे बघतो.

मी तिथे महिन्यातून एकदा फुकट काम करायला जायचे. पाण्याच्या टाक्या घासायच्या, कुंपणाच्या तारा तपासायच्या. जनावरं सांभाळणारी कीपर पन्नाशीची, उन्हानं रापलेली, शब्द मोजून वापरणारी बाई. तिनं पहिल्या दिवशी माझ्या हातात ब्रश दिला आणि टाकीकडे बोट केलं. एवढीच ओळख.

रस्त्याच्या पलीकडे दुसरं रँच आहे. तिथेही हीच जनावरं. फरक एवढाच की तिथले पाहुणे बंदूक घेऊन येतात आणि डोकं भिंतीवर लावायला घरी नेतात. हे कायदेशीर आहे. मला कोणी सांगायला नको की ते कायदेशीर आहे. बऱ्याच घाणेरड्या गोष्टी कायदेशीर असतात. मला आग लागली ती वेगळ्याच गोष्टीनं. आमच्या लॉजवर नर जास्त झाले, म्हातारे झाले, पाहुण्यांच्या अंगावर धावायला लागले, की त्यांची यादी व्हायची आणि ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. यादीचं नाव ‘सरप्लस’. धान्याच्या पोत्याला लावावा तो शब्द.

त्या वर्षीच्या यादीत एक म्हातारा इलंड होता. इलंड म्हणजे आफ्रिकेतलं सगळ्यांत मोठं हरीण. आपल्या रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा, थोरला भाऊ म्हणा. पण दिसतो हरणासारखा नाही. खांद्यावर वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, म्हातारपणी मानेवर चढलेला राखी रंग, कपाळावर केसांचा झुबका. शिंगं मात्र पिळाची, सरळ मागे गेलेली. आणि चालला की त्याचे पाय वाजतात. कट्, कट्, कट्. दिसायच्या आधी तो ऐकू येतो. संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभा राहायचा, कुणाच्या वाटेला जायचा नाही. माझ्या मते त्याचा गुन्हा एवढाच की त्याची शिंगं चांगली होती.

मी मालकाकडे गेले. सत्तरीचा माणूस, डोक्यावर हॅट, बोलणं अतिशय सभ्य. सभ्य माणसांशी भांडणं सगळ्यांत कठीण. मी म्हटलं, “त्याला पलीकडे पाठवू नका.”

“पोरी, जनावरं रोज खातात,” तो म्हणाला. “आणि उन्हाळा संपला की माझ्या खोल्या रिकाम्या.”

“भरून दिल्या तर?”

“एकदा भरून काय होतं? दर वर्षी येणारे लोक आण. मग त्याला यादीतून काढतो. लिहून देतो.”

“हात मिळवा,” मी म्हटलं, आणि त्यानं मिळवला.

आता लोक कुठून आणायचे? प्लेनोत लोकांना तोटा नाही. आमच्या मराठी मंडळात दोन थर आहेत. वरचा थर जुन्या काळी आलेल्या डॉक्टर-इंजिनियरांचा, आता निवृत्त, मोठमोठी घरं, मुलं दुसऱ्या राज्यांत. खालचा थर पुण्या-मुंबई-नागपूरच्या आयटीवाल्यांचा, सगळ्यांचा जीव व्हिसात अडकलेला. दोन्ही थर एकाच वेळी हलतील अशी ओळ मला हवी होती.

पहिल्या मसुद्याची पहिली ओळ होती: ‘एक इलंड मरणार आहे.’ माझ्याबरोबर ऑफिसला राइड शेअर करणाऱ्या नागपूरच्याच मुलाला ती वाचून दाखवली.

“इलंड काय असतं यार?” तो म्हणाला. “मला वाटलं एखादं सॉफ्टवेअर बंद होतंय.”

“प्राणी आहे.”

“मग प्राण्यासारखं लिही ना. मंडळात कोण वाचणार हे? काकू लोक डायरेक्ट डिलीट करतील.”

तो खरं बोलत होता. मी कॅलेंडर काढलं आणि मला दिसलं की लेबर डेच्या सुट्टीला लागूनच पोळा आहे. मी ओळ बदलली. ‘यंदा पोळ्याला खरा बैल बघायचाय? तो साडेतीन तासांवर उभा आहे.’ खाली वशिंडाचं वर्णन, गळ्याच्या पोळीचं वर्णन, शांत डोळ्यांचं वर्णन. मग, बैल पाहायला आलेला माणूस आता सुटत नाही अशा ठिकाणी, यादीची आणि पलीकडच्या रँचची हकीकत. इलंड हा शब्द एकदाच, तोही शेवटाकडे. लॉजचे नियम मागच्या पानावर, बारीक अक्षरात. जनावरांना बाहेरचं काही खायला घालू नये, हा सातवा.

चार दिवसांत एकोणीस खोल्या गेल्या.

पाचव्या दिवशी एका काकूंचा फोन आला. या काकू अकोल्याकडच्या एका खेड्यात वाढलेल्या, शिष्यवृत्तीवर शिकलेल्या, अमेरिकेत येऊन पोटाच्या डॉक्टर झालेल्या. चाळीस वर्षं लोकांची आतडी तपासली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. मंडळात त्यांचा शब्द अध्यक्षांपेक्षा जड.

“खरंच बैल आहे का गं?” त्यांनी विचारलं.

“बैलासारखाच आहे, काकू.”

‘सारखाच’ मी जरा हळू म्हटलं. हे मला आजही आठवतं, कारण ते मी ठरवून केलं होतं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या चौदा गाड्या माळावर पोचल्या. लोक पाय मोकळे करेपर्यंत मेस्कीटच्या पलीकडून कट्, कट् आवाज आला आणि म्हातारा कुंपणाशी येऊन उभा राहिला. बडबड थांबली. एका छोट्या मुलीनं आजीचा हात ओढला. “Is that a cow, आजी?”

“काऊ नाही गं. बैल आहे तो. आपला.”

“कसला बैल?” काकूंचे यजमान, निवृत्त इंजिनियर काका, चष्मा पुसत म्हणाले. “रोही आहे हा. आमच्या शेतातला हरभरा खाऊन जायचा.”

“तुमच्या शेतात?” काकू म्हणाल्या. “शेत बघायला कधी गेला होतात? सातबारा बघितलाय तुम्ही.”

लोक हसले. काकू हसल्या नाहीत. त्या कुंपणापाशी गेल्या. पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली, तिच्यात हळद घातलेलं तूप होतं, आणि तारेतून हात घालून त्यांनी ते म्हाताऱ्याच्या खांद्याला चोळलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळणी. वर्षभर जू वाहून खांदा दुखतो, म्हणून. या खांद्यानं आयुष्यात जू पाहिलेलं नव्हतं. पण तो उभा राहिला. मग काकू त्याच्या कानाशी वाकल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

मी फोटो काढला. सुंदर आला. सुरकुतलेला हात, राखी मान, मागे मावळतीचं ऊन. मला तिथेच पुढच्या पत्रकाचा मथळा सुचला.

मी नागपूरची आहे. आमच्या वस्तीत लाकडी बैलांचा तान्हा पोळा व्हायचा, पण आवतण म्हणजे काय ते मला माहीत होतं. आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी बैलाला पुरणपोळी द्यावीच लागते. पाहुण्याला बोलावून उपाशी ठेवल्यासारखं होतं नाहीतर. तिथे उभ्या असलेल्या माणसांत पोळाही ठाऊक असलेली आणि सातवा नियमही ठाऊक असलेली व्यक्ती एकच होती. ती फोटो काढत होती.

रविवारी सकाळी मी मंडळातल्या पोरांना घेऊन जीपच्या पहिल्या फेरीला गेले. नऊच्या सुमाराला परत आले तर कीपर कुंपणाशी उभी. म्हातारा लांब, एका झाडाखाली. समोर लसूणघास पडलेला, तोंड लावलेलं नव्हतं. दात करकर वाजवत होता. डावी कूस पखालीसारखी तट्ट फुगली होती.

“तुझ्या लोकांनी काही दिलं त्याला?” कीपरनं विचारलं.

“नाही. नियम सगळ्यांना दिलेत,” मी म्हटलं. इतकं पटकन बाहेर पडलं की जणू छापूनच ठेवलं होतं.

तिनं तारेवरून बोटानं काहीतरी खरवडलं आणि माझ्यासमोर धरलं. पिवळं, चिकट. “हे काय आहे?”

वास नाकापर्यंत आला. गूळ, जायफळ, वेलदोडा. पुढच्या दोन श्वासांत मी काय काय विचार केला ते सांगते. पुरण आहे म्हटलं तर मालकाला आयतं कारण मिळेल. मंडळ पुन्हा पाऊल ठेवणार नाही. म्हातारा आज जगला तरी हाताची सवय लागलेला म्हणून पलीकडे जाईल. नाही म्हटलं तर... नाही म्हटलं तर जनावरांचा डॉक्टर अंदाजानं औषध देईल, आणि अंदाज चुकला की रस्ता ओलांडायचीही गरज उरणार नाही.

“आमच्या सणाचं पक्वान्न आहे,” मी म्हटलं. “किती दिलं ते विचारून येते.”

“लवकर. डॉक्टर निघालाय. काय खाल्लं, किती, केव्हा. तिन्ही पाहिजे.”

जेवणाच्या हॉलमध्ये नाश्ता चालला होता. सगळ्यांना कळलेलं होतं, हे दारातच कळलं. पन्नास मराठी माणसं इतक्या हळू आवाजात कधी खात नाहीत. मंडळाचे सेक्रेटरी मला बाजूला घ्यायला आले.

“हे बघ, तू सांभाळून घे,” ते म्हणाले. “कुणी काही दिलेलं नाही, एवढंच सांग. उगाच मंडळाचं नाव नको यायला.”

“मी फक्त व्हिडिओ काढला हां,” राइडवाला मुलगा म्हणाला. “माझं ग्रीन कार्ड अडकलंय यार. यात पोलीस वगैरे येतात का?”

“एक-एक पोळीनं काय होतंय?” कोणीतरी मागून म्हणालं.

“एक-एक म्हणजे एकूण किती?” मी विचारलं.

चमचे वाजले.

मी खुर्ची ओढून तिच्यावर उभी राहिले. मला हॉलमध्ये बोलायची सवय आहे, पण एरवी मी दुसऱ्या कुणाविरुद्ध बोलत असते.

“ते पत्रक मी लिहिलं,” मी म्हटलं. “बाहेर उभा आहे तो बैल नाही. तो रानातला प्राणी आहे, झाडपाला खातो. गूळ आणि मैदा त्याच्या पोटाला माहीत नाही. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी बैल लिहिलं, कारण बैल लिहिल्याशिवाय तुम्ही आला नसतात. मालकाला मी हेच सांगणार आहे. नाव माझं जाईल, तुमचं नाही. पण आत्ता मला आकडा हवाय. तुम्ही गप्प बसलात तर तो तुमच्या गप्प बसण्यानं मरेल.”

कोपऱ्यातल्या टेबलावर काकूंनी कप खाली ठेवला.

“एक्केचाळीस,” त्या म्हणाल्या.

सेक्रेटरी म्हणाले, “अहो वहिनी...”

“तुमच्या चार होत्या त्यात, भाऊ. तुमच्या मुलानं भरवल्या.” त्या उठल्या. “एक्केचाळीस पोळ्या. शुक्रवारी केलेल्या, कूलरमधून आणलेल्या. पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, गूळ डाळीच्या बरोबरीनं, कणकेत थोडा मैदा. साडेसहाला सुरू केलं, सातला संपलं. त्यानंतर तो टाकीवर पाणी प्यायला, बरंच. चल.”

“तू बस,” काका म्हणाले. “तुझे गुडघे कालपासून दुखताहेत.”

“गुडघे त्याचेही वाजतात,” काकू म्हणाल्या आणि माझ्यापुढे चालायला लागल्या.

वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं. “आमच्याकडे पोळ्याला बैल फुगायचे. लहानपणी पाहिलंय मी. वडील गोडंतेल पाजायचे. एक गेला होता आमचा.” थोडं चालून म्हणाल्या, “चाळीस वर्षं एकच पोट बघितलं गं. चार पोटांचं विसरले.”

मला वाटलं होतं, कीपर ओरडेल. ती ओरडली नाही. काकूंनी तिला इंग्रजीत सगळं क्रमानं सांगितलं, जसं एक डॉक्टर दुसऱ्याला पेशंट सोपवतो, आणि कीपर फोनवर ते पुढे सांगत गेली. सोडा होता का? नव्हता. मीठ? चिमूट. दूध? पोळ्यांवर तूप. किती? काकूंनी सांगितलं.

मग अडचण आली. डॉक्टर पोचायच्या आत म्हाताऱ्याला लोखंडी खोड्यात, जनावर जखडून धरायच्या अरुंद पिंजऱ्यात, घ्यायचं होतं, नाहीतर एवढ्या धुडाच्या तोंडात नळी घालणार कशी? त्याला गुंगी द्यायची तर फुगलेल्या पोटानं तो उठेलच असं नाही, असं डॉक्टरनं फोनवर बजावलं होतं. कीपरनं पेंड दाखवली, पाला दाखवला, शीळ घातली. म्हातारा हलला नाही. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले.

काकू कुंपणाच्या बाहेरून खोड्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि तारेतून हात आत घातला. उघडा, रिकामा तळहात.

आधी काही झालं नाही. मग त्याचे कान फिरले. मग कट्. थांबला. पुन्हा कट्. एकेक पाऊल टाकत, फुगलेलं पोट सावरत तो त्या हाताकडे आला, खोड्यात शिरला आणि तळहात हुंगू लागला. कीपरनं मागचं दार लावलं.

“बघितलंस?” काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “हातात काही नाही माझ्या. आणि तो आला.”

मी आजवर वाटलेल्या पत्रकांत ‘प्राण्यांना खाऊ घालू नका’ हे कितीदा लिहिलं असेल. ते का, हे मला तेव्हा दिसलं. एका सकाळीत तो त्या हाताचा झाला होता. सकाळी हात भरलेला होता, आता रिकामा होता, त्याला दोन्ही सारखेच. असा विश्वास शिकवलेलं जनावर पलीकडे बंदूकवाल्याच्या हाताकडेही असंच चालत गेलं असतं.

डॉक्टर आला, नळी गेली, आंबूस वास सुटला, पोटातला वारा सळसळत बाहेर आला. तेल घातलं, पांढरं औषध घातलं. दुपारपर्यंत कूस थोडी उतरली. डॉक्टर म्हणाला, पोटातलं सगळं आंबलं असेल तर हा उद्या आडवा होईल. नसेल तर रवंथ करायला लागेल. रवंथ सुरू झाला की समजा सुटला. तोवर काही सांगता येत नाही.

चार वाजता मालक व्हरांड्यात माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसला. हातात माझं पत्रक. कुणाच्या तरी टेबलावरून उचललेलं.

“वाच,” तो म्हणाला.

मराठी त्याच्या सात पिढ्यांना येत नव्हती. मी काहीही वाचून दाखवू शकले असते. मी पहिली ओळ इंग्रजीत सांगितली, जशीच्या तशी. मग दुसरी. वशिंड, पोळी, डोळे. यादीबद्दलचं, त्याच्याबद्दलचं, पलीकडच्या रँचबद्दलचं, त्यात मी त्याला ‘सभ्य कसाई’ म्हटलं होतं तेही. तो हलला नाही.

“मागेही काहीतरी आहे.”

मी सातवा नियम वाचला.

“हे मागे का?”

“कारण पुढे लिहिलं असतं तर पत्रक रुक्ष झालं असतं.”

“तू माझ्या खोल्या भरल्यास,” तो म्हणाला. “आणि तुझ्या लोकांनी माझा इलंड मारायला घेतला. यातलं मी काय मोजू?”

“चुकलं माझं, माफ करा. दोन्ही मोजा,” मी म्हटलं. “पण तिसरंही मोजा. आमच्या हातून चुकून झालं आणि झाल्यावर आम्ही पळत आलो. पलीकडे तुम्ही त्याला ठरवून पाठवणार होता. तिथे तो पडला असता तर कुणी डॉक्टर बोलावला असता?”

“तू माफी मागायला आलीस की भांडायला?”

“माफी मागितली. आता भांडतेय.”

त्याच्या हॅटखाली काहीतरी हललं, हसला असेल. पत्रक घडी करून खिशात घालत तो उठला. “रवंथ करायला लागला तर बोलू.”

सोमवारी सकाळी अकराला खोल्या सोडायच्या होत्या. दहालाच सगळ्या बॅगा डिक्कीत गेल्या होत्या. मला वाटलं, आता गाड्या सुरू होतील आणि मंडळ निसटेल. एकही गाडी सुरू झाली नाही. लोक एकेक करत व्हरांड्याकडे परत आले. सेक्रेटरी आले, व्हिडिओवाला आला, ‘एक-एक पोळीनं काय होतंय’ म्हणणारे आले, ते कोण होते हे मला तेव्हा कळलं. पन्नास माणसं कठड्याला टेकून उभी राहिली आणि झाडाखाली बसलेल्या एका जनावराच्या जबड्याकडे बघू लागली.

“बसलाय म्हणजे चांगलं की वाईट?” कोणीतरी कुजबुजलं.

“मान वर आहे,” काकू म्हणाल्या. “गप्प बसा.”

अकरा वाजले. कीपर आली, तिनं आम्हाला जायला सांगितलं नाही. तीही कठड्याला टेकली. छोटी मुलगी आजीच्या कडेवरून बघत होती. माझ्या शेजारी काका पुटपुटले, “आयुष्यात एवढं लक्ष देऊन माझ्याकडे नाही बघितलं हिनं.”

मग गळ्यापाशी काहीतरी गोळा वर सरकला. जबडा डावीकडे गेला. थांबला. उजवीकडे आला.

“सुरू झालं,” काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या, सरळ पायरीवर, साडी सावरायचंही भान न ठेवता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते त्याचं चघळणं बघत राहिले. मग हळूहळू लोक एकमेकांशी बोलू लागले, नेहमीच्या आवाजात, आणि कोणीतरी चहा मिळेल का म्हणून विचारलं.

मालकानं मला बोलावलं. खिशातून पत्रक काढलं, उलटं केलं, नियमांच्या खाली मोकळ्या जागेत पेनानं लिहिलं: हा म्हातारा यादीत नाही. तो इथेच म्हातारपणानं मरेल. खाली सही केली.

“पुढच्या वर्षी हेच लोक?” त्यानं विचारलं.

मी व्हरांड्याकडे पाहिलं. “हेच,” मी म्हटलं.

पत्रक मी पुन्हा लिहिलं. आता पहिली ओळ आहे: ‘हा बैल नाही.’ तिच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात: ‘याला काहीही खायला घालायचं नाही.’ राइडवाला मुलगा म्हणाला, या ओळीनं कोण येणार यार. या पोळ्याला बावीसच्या बावीस खोल्या भरल्या. पत्रकानं नाही भरल्या, हे मी कबूल करते. त्या जबड्यानं भरल्या. तो बघितलेल्या प्रत्येकानं आणखी कुणाला तरी ओढून आणलं.

काकू आता महिन्यातून एकदा माझ्याबरोबर येतात. टाक्या त्यांना घासवत नाहीत. त्या कीपरच्या शेजारी बसून कोण किती खातंय याची नोंद ठेवतात, आणि कीपर माझ्याशी बोलत नाही इतकं त्यांच्याशी बोलते. या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी डबी आणली नव्हती. हातही तारेच्या बाहेरच ठेवला. लांबूनच आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी कीपरनं तोडून आणलेल्या हॅकबेरीच्या फांद्यांची जुडी कीपरनंच आत टाकली, काकू फक्त शेजारी उभ्या राहिल्या. म्हातारा आला, त्यानं पाला ओरबाडला आणि कोणाकडेही न बघता निघून गेला.

“जेवला,” काकू म्हणाल्या. “बास.”

सही केलेला कागद माझ्याकडे आहे. एक इलंड सुटला म्हणून मी गप्प बसेन असं मालकाला वाटत असेल, तर त्यानं मला ओळखलं नाही. यादीत अजून सहा जण आहेत. त्यांना नावं नाहीत, कानातल्या बिल्ल्यांचे नंबर आहेत. ते सहाही नंबर मला पाठ आहेत, आणि काकूंनाही. गेल्या महिन्यात मालक व्हरांड्यात कॉफी पीत बसला होता, तेव्हा त्या त्याच्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि पहिला नंबर म्हणाल्या.